मेलेल्याच्या खिशात हात नाही

वाचक विचारतात : फावल्या वेळचे खेळ

गेल्या अंकात मी एका ओळीत लिहून गेले होते, की स्कायरिम चौथ्यांदा खेळायला घेतलाय आणि या खेपेला ‘मेलेल्याच्या खिशात हात घालायचा नाही’ असा नेम धरलाय. बाकीच्या दोन पानांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. या ओळीवर मात्र निपाणीपासून खानापूरपर्यंतची पत्रं आली, त्यातली दोन हातानं लिहिलेली, उरलेली व्हॉट्सॲपवर. लग्नपत्रिकांचा हंगाम संपलाय, टिळकवाडीत आषाढाची झड लागलीय, झेरॉक्सला दिवसाकाठी चार गिऱ्हाइकं. तेव्हा यावेळी सवडीनं उत्तरं देते.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी एवढंच : स्कायरिम हा बेथेस्डा कंपनीचा, ११ नोव्हेंबर २०११ ला आलेला संगणकावरचा खेळ. बर्फाळ मुलूख, वर ड्रॅगन, खाली जुनी थडगी. आपण एक माणूस घडवायचा, त्याला तलवार, जादू, लोहारकाम, चोरी, हवं ते शिकवायचं आणि हिंडायला सोडायचं. कुठलीच वाट बंद नसते. इतकी मोकळीक असल्यामुळेच दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला माणूस आपणहून स्वतःला वेसण घालायला लागतो.

ताई, स्कायरिम दोनदा संपवला. पहिल्यांदा जादूगार व्हायचं ठरवलं होतं, दुसऱ्यांदा ढाल-तलवारवाला. दोन्ही वेळा शेवटी अंधारात वाकून बाण मारत बसलो. आता तिसऱ्यांदा डिफिकल्टी सगळ्यात वर नेऊन खेळू का? – एक वाचक, निपाणी

नका नेऊ. आधी हिशेब बघा. सगळ्यात वरच्या, म्हणजे लेजंडरी पातळीवर तुमचा घाव पाव होतो आणि समोरच्याचा तिप्पट. पण लपून मारलेला बाण मुळातच दुप्पट लागतो आणि पुढे एक पर्क, म्हणजे जास्तीचं कसब, घेतला की तिप्पट. म्हणजे उघड्यावर लढलात तर तुमच्या ताकदीचा पाव हिस्सा पोचतो, लपून बाण मारलात तर पाऊण. वर अंगावर येणारा घाव तिप्पट. अशा वेळी शहाणा माणूस काय करेल? वाकून अंधारात शिरेल. ज्या कोपऱ्यातून तुम्हाला बाहेर यायचंय, तिथेच डिफिकल्टी तुम्हाला हाताला धरून नेऊन बसवणार. शिवाय साध्या लांडग्यालाही चारपट घाव घालत राहायचं. त्याला लढाई म्हणत नाहीत, धुणं बडवणं म्हणतात.

बरं, ‘धनुष्य बंद’ असा नेम केलात तर? तोही फसतो. मी करून बघितलाय. धनुष्य सुटलं आणि आठ दिवसांत माझ्या हातात सुरी आली, कारण लपून मारलेल्या सुरीला ठराविक पर्कनंतर पंधरापट घाव आहे. हत्यार बदललं, सवय तशीच राहिली. मग कळलं, की बंद करायचं ते वाकणं, कारण वाकल्याशिवाय लपता येत नाही. संगणकावर वाकायला डावीकडचं कंट्रोलचं बटण दाबतात. मी त्यावर लॅमिनेशनच्या कापलेल्या कडेचा एक तुकडा चिकटवला. बोट गेलं की खरखरीत लागायचं आणि मागे यायचं. पहिल्या संध्याकाळी ते बोट एकवीस वेळा गेलं, मी बिलबुकाच्या मागे रेघा मारत होते.

म्हणून माझं सांगणं, नेम ठरवायच्या आधी जुन्या सेव्हवर (साठवून ठेवलेल्या डावावर) एक संध्याकाळ नुसतं स्वतःकडे बघत खेळा. न विचारता हात कुठे जातो ते लिहून काढा. आवडीची गोष्ट काढून घेऊ नका, नाहीतर चौथ्या दिवशी खेळ बंद पडेल. तुम्हाला जादूगार व्हायचं होतं ना? मग जादू ठेवा, वाकणं काढा. बघा कसा घाम फुटतो ते.

माझा दुसऱ्या खेपेचा नेम फास्ट ट्रॅव्हल बंद, असा होता. नकाशावर टिचकी मारून गावाला पोचणं बंद, चालत जायचं किंवा घोड्यावर. भाड्याच्या घोडागाडीला परवानगी. आता गंमत अशी, की या गाड्या फक्त पाच मोठ्या शहरांच्या बाहेर उभ्या असतात. त्या तुम्हाला उत्तरेकडच्या विंटरहोल्डला नेऊन सोडतात, पण विंटरहोल्डला परतीची गाडी नाही. आपल्याकडे कणकुंबीला शेवटची बस चुकल्यावर माणूस जसा रस्त्याकडे बघत उभा राहतो, तसं तिथे बर्फात उभं राहायचं. मग चालायचं. आणि चालताना एका रात्री घोड्याच्या टापा ऐकू आल्या, धुरकट स्वार बाजूनं गेला आणि त्याला डोकंच नव्हतं. पहिल्या खेपेला शंभर तास खेळून तो मला दिसला नव्हता, कारण मी रस्त्यावर असायचेच कुठे? त्याच्या मागे पळत गेलात तर तो एका जुन्या दफनभूमीपाशी नेतो. पुढचं सांगत नाही.

तिसऱ्या खेपेला ‘शत्रू जवळ असताना पिशवी उघडायची नाही’ हा नेम. या खेळात सामानाची यादी उघडली की जग थांबतं. जायंटची गदा डोक्यावर अधांतरी, आणि आपण आत निवांत उभं राहून चीजची अख्खी चाकं गिळतोय, एक, दोन, सात, जीव भरेपर्यंत. हे सोडल्यावर लढाईला निघायच्या आधी विचार करावा लागतो. काय हाताशी ठेवू, कुठे पळू. निम्म्या वेळा मी पळालेच.

औषधं करणं, मंतरणं आणि लोहारकाम हे तीन हुन्नर एकमेकांना खतपाणी घालतात. तिन्ही वाढवले की शेवटचा ड्रॅगन म्हणजे माशी. तिन्हींतला एकच घ्या. याहून जास्त त्यावर लिहिण्यासारखं नाही.

आणि हे सगळं स्वतः पाळण्याचा कंटाळा असेल तर खेळाच्या सुधारलेल्या आवृत्तीत, स्पेशल एडिशनमध्ये, सर्व्हायव्हल मोड आहे, नोव्हेंबर २०२१ पासून तो फुकट मिळतो. भूक, थंडी, थकवा लागतो, फास्ट ट्रॅव्हल बंद होतं, झोपल्याशिवाय लेव्हल (ताकदीची पायरी) वाढत नाही. चांगला आहे. पण ते दुसऱ्यानं लावून दिलेलं पथ्यपाणी आहे. वैद्यानं सांगितलेलं पथ्य आणि आपण धरलेला चातुर्मास यात जो फरक, तोच इथे.

एकच जीव, मेलो की सेव्ह पुसायचा, असं खेळतोय. बावीसाव्या लेव्हलला असताना पावसात करंट गेला. परत आलो तर जुन्या सेव्हवर, आणि तिथून पुढे गेल्यावर मेलो. मित्र म्हणतात हे धरायचं नाही. धरायचं का? – कॉलेजचा विद्यार्थी, खानापूर

अरे बाबा, खानापुरात राहून पावसाळ्यात एकाच जिवाचा नेम धरतोस आणि करंटचं कलम लिहीत नाहीस?

मरण धरायचं. तू करंट जाताना मेला नाहीस, करंट आल्यावर मेलास. मित्रांना सांग, की प्रश्न आधी पडला नाही म्हणून उत्तर नंतर आपल्या सोयीनं लिहिता येत नाही. पुढच्या वेळी पहिल्या पानावर लिही : वीज, संगणक अडकणं, घरच्यांनी हाक मारणं, जिन्याच्या दगडात पाय रुतणं (या खेळात तेही होतं), यात मरण आलं तर मागच्या सेव्हवर जायची मुभा. बाकी कशालाही नाही.

माझं सांगते. सात हजार पायऱ्यांच्या वाटेवर बर्फाचा एक ट्रोल, म्हणजे केसाळ राक्षस, बसलेला असतो. स्कायरिम खेळलेल्या प्रत्येकाला त्यानं एकदा तरी हाणलेलं आहे. माझी सहाव्या लेव्हलची, एकाच जिवाची बाई त्याच्यासमोर गेली. ट्रोलला आगीचं वावडं असतं हे मला ठाऊक होतं, आगीची जादू तिला येत होती, पण मी हातात कुऱ्हाड धरली होती, कारण त्या दिवशी मला कुऱ्हाड आवडत होती. दोन तडाख्यांत संपली. यूपीएस अगदी शाबूत होता. मी पाच मिनिटं तशीच बसले, मग सेव्ह पुसला आणि उठून दुकानाचं शटर ओढलं. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या पत्रिकेत वराच्या जागी वधूचं नाव टाकलं, ते वेगळंच.

तुला खेळानंच एकच सेव्ह दिलेला हवा असेल तर बाल्डर्स गेट ३ या दुसऱ्या फँटसी खेळात ऑनर मोड आहे, नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी आला. एकच सेव्ह, अख्खी पार्टी, म्हणजे आपली टोळी, पडली की मान गेला. पुढे खेळत राहता येतं, पण ‘ऑनर’ हा शब्द निघून जातो. मला हे आवडलं, आपल्या गल्लीत आउट झाल्यावरही बॅट न सोडणाऱ्या पोरासारखं. बॅट त्याच्याच घरची असते म्हणून खेळू देतात, पण धावा कुणी धरत नाही.

माझा नववीतला मुलगा वहीच्या मागच्या पानावर नियम लिहितो : ‘फक्त चार बर्सर्कर. पळायचं नाही. दुकानातून काही घ्यायचं नाही.’ विचारलं तर म्हणतो, खेळ सोपा झाला म्हणून अवघड करतोय. हा काय प्रकार? काळजी करू का? – एक आई, शहापूर, बेळगाव

वहिनी, तुम्ही लहानपणी लंगडी घालत होतात ना? दोन पाय असताना एकावर का? कुणी काळजी केली होती का?

आमच्या गल्लीत क्रिकेटला ‘एक टप्पा एक हात आउट’ होतं, जोशीकाकूंच्या कंपाउंडमध्ये चेंडू गेला तर आउट आणि आणायलाही त्यानंच जायचं, असंही होतं. जागा अरुंद, म्हणून नियम. मुलाच्या खेळात जागा फार मोठी झालीय, म्हणून तो कंपाउंड घालतोय.

त्याचा खेळ बहुतेक फायनल फँटसी ५ असावा, १९९२ चा जपानी खेळ. त्यात चार जण असतात आणि त्यांना वेगवेगळे पेशे देता येतात. हा बर्सर्कर नावाचा पेशा म्हणजे अंगात आलेला माणूस. आपलं काही ऐकत नाही, त्याला हुकूम देताच येत नाही, जो दिसेल त्याला झोडत सुटतो. चौघेही तसलेच घेतले तर लढाई सुरू झाल्यावर तुमच्या मुलाच्या हातात काही म्हणजे काही उरत नाही. मग तो काय करतो? लढाईच्या आधी सगळं करून ठेवतो. कुणाच्या अंगावर काय चढवायचं, कुणाला पुढे उभं करायचं, किती लेव्हल वाढवून मग आत शिरायचं. कार्याच्या घरी आचारी चुलीला बसल्यावर यजमानीणबाई काय करू शकते? काहीच नाही, सामान आधी नीट काढून दिलेलं असलं तरच निभतं. तेच हे. फक्त ‘दुकानातून काही घ्यायचं नाही’ हे तिसरं कलम त्यानं फार कडक घातलंय, ते तोच चार दिवसांत खोडेल.

याच खेळावर २००९ पासून जगभरातले लोक दरवर्षी एक जत्रा भरवतात. खेळात चार स्फटिक आहेत, प्रत्येक स्फटिकातून चिठ्ठी काढल्यासारखा एकेक पेशा मिळतो, आणि त्या चार पेशांवरच खेळ संपवायचा. सोबत मुलांसाठीच्या एका संस्थेला देणगी गोळा करतात. कुणाला नशिबानं चांगले पेशे मिळतात, कुणाच्या वाट्याला दोन-दोन बर्सर्कर. मुलाला हे सांगा, चिठ्ठीचा प्रकार त्याला माहीत नसेल तर तुमचा भाव वाढेल.

काळजी करायचीच तर पान कुठल्या वहीचं आहे ते बघा. गणिताच्या वहीचं असेल तर दुसरी वही आणून द्या.

एल्डन रिंग हा खेळ पहिल्या लेव्हलवरच संपवता येतो म्हणतात. खरं का? – गोकाक

खरं. सुरुवातीला रेच नावाच्या वर्गातला माणूस घेतला तर सुरुवातच पहिल्या लेव्हलला होते, सगळे गुण दहा-दहा, हातात एक सोटा, अंगावर कपडा नाही. लोक तसाच शेवटपर्यंत नेतात. मी पहिल्या मोठ्या बॉसपाशी, म्हणजे वाट अडवणाऱ्या दांडग्या शत्रूपाशी, दोन रविवार घालवले आणि सोट्यासकट परत आले. तुम्ही तरुण असाल.

पोकेमॉनमधले नझलॉक नियम मोठ्या फँटसी खेळाला लावता येतील का? – अथणी

आधी बाकीच्यांसाठी : २०१० मध्ये एका चित्रकथाकारानं पोकेमॉन रुबी हा प्राणी पकडून लढवायचा खेळ स्वतःच्या नियमांनी खेळून त्याची चित्रकथा काढली, तिथून हे नाव आलं. मुख्य नियम दोन. बेशुद्ध पडलेला पोकेमॉन मेला असं धरायचं, आणि प्रत्येक भागात पहिला भेटेल तेवढाच पकडायचा. बहुतेक लोक तिसरा धरतात : प्रत्येकाला नाव ठेवायचं.

लावता येतात. बाल्डर्स गेट ३ मध्ये विदर्स नावाचा एक हाडांचा सापळा झालेला म्हातारा तुमच्या तळावर येऊन राहतो आणि दोनशे नाण्यांत मेलेला सोबती उठवून देतो. त्याच्याकडे जायचं नाही, उठवायचे मंत्रलेख विकून टाकायचे, की झाला नझलॉक. स्कायरिममध्ये जरा वेगळं जुळवावं लागतं. लिडियासारखी सोबतीण मार बसला की गुडघ्यावर बसते आणि शत्रू सहसा तिला सोडून देतो. मी ‘गुडघा टेकला की घरी पाठवायची, पुन्हा बोलवायची नाही’ असं केलं. घरी पाठवली तेव्हा ती व्हाइटरन शहराच्या दिशेनं चालत निघाली, बर्फातून, एकटीच. मी बराच वेळ तिच्या पाठीकडे बघत होते. आणि नावं जरूर ठेवा, पण घरातल्या माणसांची नको. माझ्या पुतण्यानं एका पोकेमॉनला काकूचं नाव दिलं होतं. तो दुसऱ्याच दिवशी गेला. मला कळवलं नाही, वहीत वाचलं.

तुमच्या त्या खिशाच्या नेमाचं पुढे काय झालं? खरं सांगा ताई, मोडला का? – चिकोडी

सांगते, पण आधी आत्यांची गोष्ट ऐका.

आमच्या यजमानांच्या आत्या दर चातुर्मासाला काहीतरी सोडतात. एका वर्षी साखर सोडली. चहा गुळाचा, शिऱ्याकडे बघायचं नाही. श्रावणात घरी कुंद्याचा डबा आला, आणि दुपारी मी स्वयंपाकघरात गेले तर आत्या डब्यापाशी उभ्या, चमचा हातात. “आत्या, साखर!” तर म्हणाल्या, “साखर कुठली गं? कुंदा म्हणजे आटवलेलं दूध की!” आणि शांतपणे दुसरा चमचा घेतला. ‘उतू नये मातू नये, घेतला वसा टाकू नये’ हे मला लहानपणापासून पाठ आहे, पण वसा न टाकता कसा वाकवायचा ते मी त्या दुपारी शिकले.

आता माझं. या खेळात पैसा कुठून येतो, तर मेलेल्यांच्या खिशातून. माणूस मारला, खिसे उलटे केले, चिलखत उतरवलं, गावात नेऊन विकलं. तीन खेपा मी तेच करत होते आणि एकदाही वाटलं नव्हतं की हे काय चाललंय. ते सोडलं आणि माझी बाई कफल्लक झाली. रिव्हरवुड गावात सॉ-मिल आहे, तिथे लाकडं फोडून दिली की एका नगाला पाच नाणी मिळतात. व्हाइटरनमधलं घर पाच हजारांना. म्हणजे हजार लाकडं, आणि वर जार्लची, म्हणजे तिथल्या सरदाराची, कामं करून त्याची मर्जी मिळवायची ती वेगळी. दोन रुपयांना एक झेरॉक्स काढणाऱ्या बाईला हा हिशेब समजायला वेळ लागत नाही. मी रोज दुकान बंद करून लाकडं फोडायचे. आत्या मागून बघून म्हणायच्या, “हे काय करायलीस? दिवसभर काम कमी पडलं काय?” पण खरं सांगते, शेकोटीपाशी दहा नाणी देऊन खोली घेतली की त्या खोलीची किंमत वाटायची. लोखंडाची साधी तलवार विकत घेतली तेव्हा दोनदा फिरवून बघितली.

आणि मग अडचण आली. पहिल्याच मोठ्या कामात, ब्लीक फॉल्सच्या थडग्यात, एका चोराकडून सोन्याचा पंजा घ्यावा लागतो. तो चोर बहुतेक वेळा पळतापळता मरतो, मग पंजा त्याच्या अंगावरच राहतो. तो रिव्हरवुडच्या दुकानदाराचा, चोरीला गेलेला. तेव्हा मी वहीत कलम घातलं : ‘मालकाला परत द्यायचं असेल तर चालेल.’ पंजा नेऊन दिला, मन साफ. पण त्याच थडग्याच्या शेवटी एक मेलेला योद्धा उठतो, त्याला पाडावं लागतं, आणि जार्लच्या जादूगाराला हवी असलेली दगडाची पाटी त्याच्याच अंगावर असते. ती घेतल्याशिवाय कथा पुढे सरकत नाही. आता ही पाटी जादूगाराची नव्हे. मालक असलाच तर तो समोर पालथा पडलेला.

मी रात्री साडेदहाला वही उघडून बसले होते. नवीन कलम लिहायचं तर मी खानापूरच्या पोराला वर जे सुनावलं तेच माझ्यावर उलटतं. आत्या पाणी प्यायला उठल्या होत्या, त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावून पडद्याकडे बघितलं.

“काय घ्यायचंय त्याच्या खिशातलं?”

“दगड आहे आत्या. दगडाची पाटी.”

“मग घे की. दगड म्हणजे काय ऐवज आहे होय?”